पेटीसोबतचा माणूस

रत्नागिरी
रविवार, १२ जानेवारी २०२५

श्री. विनीत यांस,

आज बँकेला सुट्टी. सकाळी पंपाचा वॉशर बदलला. दुपारी कुळथाची पिठी आणि भात केला. चारच्या सुमारास पुतणी शमिका आली. तिने दर्शनचा लॅपटॉप चालू करून दिला आणि तुमचा मेल मोठ्याने वाचून दाखवला. मी तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला. मेलवर उत्तर देण्याची मला सवय नाही, म्हणून पत्र लिहितो.

तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं लिहितो, चुकलं असेल तर सांगा. 'नववी चौकी' हा खेळ तुम्ही आणि दर्शन मिळून करत होतात. दूरच्या एका चंद्रावर एक पलटण आहे, तिचा एक कॅप्टन आहे, आणि खेळणारा माणूस तो कॅप्टन असतो. खेळात 'परत' नावाचा एक भाग दर्शनने केला आहे. पलटणीतला एखादा जवान मारला गेला, की कॅप्टनने त्याची पेटी त्याच्या घरी पोचवायची आणि मगच पुढची लढाई. तुम्हाला तो भाग काढून टाकायचा आहे. कुठलाही मोठा भाग दोघांच्या सहीशिवाय काढायचा नाही असा तुमचा आपसात करार होता. आता दर्शन नाही, त्याच्या जागी बाप म्हणून सही माझी लागते.

तुम्ही लिहिलंत की दर्शन या बाबतीत ऐकायला तयार नव्हता आणि "माझे बाबा फौजेत होते, खरं असंच असतं" असं म्हणायचा. फौजेत मी होतो. हवालदार होतो, जाताना नायब सुभेदार झालो. आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. खेळातलं मला काही कळत नाही. पण न बघता सही करायची नाही हे फौजेने शिकवलं आहे. तेव्हा मी आधी खेळ खेळून बघतो. शमिका शिकवणार आहे. थोडा वेळ लागेल.

नोव्हेंबरमध्ये येता आलं नाही याबद्दल तुम्ही लिहिलंत. त्याचं उत्तर या पत्रात देत नाही.

हरिश्चंद्र घाग


रत्नागिरी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

विनीत यास,

"मला अहो म्हणू नका" असं तू लिहिलंस म्हणून अरे लिहितो.

खेळायला लागलो. पहिले काही दिवस फक्त चालायला शिकण्यात गेले. डावा हात चालण्याचा आणि उजवा बघण्याचा, हे मला जमेना. कॅप्टन सारखा आकाशाकडे बघत भिंतीवर आपटायचा. शमिका खुर्चीच्या दांडीवर बसून हसायची.

"काका, पुढे जा ना. मघापासून त्या दगडामागेच बसलाय."

"आड घेतली आहे."

"कोणापासून? समोर कोण नाहीच आहे."

"दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं."

"अहो, लागली गोळी तर परत उभे राहता. गेम आहे तो."

मग मी गेलो आणि मेलो. परत उभा राहिलो. ती म्हणाली, "बघा, काही झालं का?"

एक गोष्ट मान्य करतो. तुझ्या मेलमध्ये तू दोन तऱ्हा सांगितल्या होत्यास, त्या दोन्ही मी खेळलो. दर्शनच्या तऱ्हेत कॅप्टन जहाजात वायरलेसजवळ बसतो. खाली हुकूम उशिरा पोचतो, तोवर खालची परिस्थिती बदललेली असते, माणसं कधी ऐकतात, कधी स्वतःच्या डोक्याने करतात. हे खरं आहे. अगदी असंच असतं. आणि ते खेळताना मला बँकेच्या दारात बसल्यासारखं वाटलं. तुझ्या तऱ्हेत कॅप्टन स्वतः बंदूक घेऊन सगळ्यांच्या पुढे उडी मारतो. ते साफ खोटं आहे. जहाज कोणाच्या ताब्यात दिलं? वायरलेसवर कोण? हा मेला तर पुढचा हुकूम कोणाचा? आमच्याकडे असा साहेब असता तर त्याला दुसऱ्या दिवशी पोस्टिंगवरून हलवलं असतं. पण ते खेळताना मी जेवायचं विसरलो, हेही लिहितो. दिवसभर दुसऱ्याचं ऐकून आलेल्या माणसाला घरी पुन्हा नुसतं बसून राहायला सांगू नये, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. खरी लढाई बहुतेक वेळ वाट बघण्यात जाते. ती कोणी विकत घेणार नाही.

तुम्ही दोघं एक गोष्ट विसरला आहात. तुमच्या पलटणीत कोणी रजा मागत नाही. आमच्यात रजेशिवाय दुसरा विषय नव्हता.

'परत' अजून खेळलो नाही. त्यासाठी आधी माझा माणूस मारला जायला हवा. मी कोणाला मरू देत नाही म्हणून शमिका वैतागली आहे. "अशाने खेळ पुढे जाणारच नाही, काका," म्हणाली.

ह. घाग


रत्नागिरी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

विनीत,

काल एक माणूस गेला. मी त्याला पुलाच्या बाजूने पाठवला, तिथे पाठवायला नको होतं.

मग 'परत' आलं. शमिका घरी गेली होती, मी एकटाच होतो. जहाज एका लहानशा वस्तीजवळ उतरतं. पेटी गाडीवर असते आणि कॅप्टन तिच्यामागे चालतो. गोळी सुटत नाही, पळता येत नाही. लाल रस्ता, दोन्ही बाजूंना काळा दगड, आणि आवाज फक्त चाकांचा. तू लिहिलंस की चाचणीला आलेले लोक इथे सगळी बटणं दाबून बघतात आणि मग खेळ बंद करतात. मला समजतं. मीही एकदा उठून पाणी पिऊन आलो. परत येऊन बघतो तर कॅप्टन तिथेच उभा होता आणि गाडी थोडी पुढे जाऊन त्याच्यासाठी थांबली होती.

शेवटी एक दार आहे. एक म्हातारी बाई बाहेर येते आणि विचारते, "तू होतास त्याच्याबरोबर?" खाली दोन उत्तरं दिसतात. हो आणि नाही. मी कुठलंच दाबलं नाही. लॅपटॉप मिटला.

हा प्रश्न त्याने कुठून घेतला ते मला माहीत आहे. आता तुला खरं काय ते सांगायला हवं, कारण तू मला विचारलंस की फौजेत असं असतं का.

दर्शन लहान असताना मला एका जवानाच्या पेटीबरोबर पाठवलं होतं. जवानाचं नाव रामा, हर्णेचा, दर्यावरच्या घरातला. मी कमांडर नव्हतो. कमांडर पेटीबरोबर जात नाही, विनीत. त्याला चौकी सोडता येत नाही. तो माणूस पाठवतो. आणि कामाचा माणूस पाठवत नाही. माझा गुडघा सुजला होता, मी स्टोअरमध्ये बसून होतो आणि कागदावर जिल्हा रत्नागिरी लिहिलेलं होतं, म्हणून मी. रामाला मी कधी पाहिलंही नव्हतं. तो दुसऱ्या कंपनीत होता.

त्या दिवशी हर्णेला मासळीचा लिलाव बंद ठेवला होता. होड्या नांगरून होत्या. तहसीलदार आले, पोलीस आले, सलामी झाली, सगळे गेले. मला सांगितलेलं होतं की दुसऱ्या दिवशी निघायचं. सकाळी त्याची आई कमळाबाई पायरीवर बसून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकत होती. मी जाऊन खालच्या पायरीवर बसलो.

"तू होतास काय रं त्याच्यासंगती?"

"नाही."

"वळखीत होतास?"

"नाही. तो दुसऱ्या कंपनीत."

"मग तुला कशाला धाडलान?"

"मी रत्नागिरी जिल्ह्यातला म्हणून."

"गाव कुठचा?"

"देवरूखच्या वर."

तिने माझ्याकडे बघितलं. "कुठं देवरूख नि कुठं हर्णे! तुझ्या साहेबाला जिल्हा म्हंजे वाडी वाटली काय?"

मी गुडघा धरून बसलो. शेजारच्या घरातून भाकरी आली होती, ती तिने माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "खा. गुडघो धरून बसलायस तो कशापायी? दुखतो?" मग बराच वेळ कावळे हाकले आणि म्हणाली, "कोणतरी आला. माझा झील एकटा नाय आला."

माझं काम एवढंच होतं. भाकरी खाल्ली आणि दापोलीची एसटी पकडली.

हे मी घरी एकदाच सांगितलं, तेही अर्धवट. बाकीचं दर्शनने मनाने भरलं असावं. शाळेत तो माझे बाबा कमांडर असं सांगायचा. त्याच्या खेळात कॅप्टन पेटीबरोबर जातो तो त्यामुळे. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की नाही, फौजेत असं नसतं.

सहीचं अजून ठरवलेलं नाही.

ह. घाग


रत्नागिरी
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

विनीत,

बँकेतून आलो, कपडे बदलले आणि लिहायला बसलो. तुझा मेल शमिकाने शनिवारी वाचून दाखवला. "काका, तुम्हीच म्हणताय की हे खरं नाही. दर्शनचा सगळा आग्रह खरेपणासाठी होता. मग आता काढायला हरकत काय?" असं तू लिहिलं आहेस. शमिका वाचता वाचता थांबली आणि "हा माणूस वकील आहे का?" म्हणाली.

मी तुला खरं सांगितलं ते तू माझ्याच मुलाविरुद्ध वापरलंस. वापरायला हरकत नाही. मी लिहून दिलं होतं.

तू हेही लिहिलंस की त्या रात्री या भागावरूनच तुमचं भांडण झालं आणि तो गाडी घेऊन निघून गेला. त्याचा आणि अपघाताचा संबंध मी जोडत नाही. ट्रकवाल्याला तुमच्या भांडणाचं काही माहीत नव्हतं. तूही जोडू नकोस.

पण दुसऱ्या दिवसाचं लिहितो, म्हणजे ते एकदा लिहून होईल.

सकाळी तुझा फोन आला. तिकडे यायला मी पिशवी भरली होती. तू म्हणालास, "काका, तुम्ही निघू नका. पोस्टमॉर्टेम, पोलीस, सगळं मी बघतो. आम्ही त्याला घेऊन येतो." आम्ही म्हणालास. म्हणून मी पिशवी रिकामी केली आणि इकडची तयारी बघितली. भाऊ आला, गावाहून माणसं जमली. सगळे विचारत होते, बरोबर कोण आहे? मी सांगत होतो, त्याचा दोस्त आहे, विनीत आहे, ऑफिसातली मुलं आहेत. वहिनीने तुमच्यासाठी म्हणून शेजारी भाताचं पातेलं करून ठेवायला सांगितलं होतं. लांबून येणारी मुलं, उपाशी असतील म्हणून.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "हातखंब्याला आलोय, इथून पुढे कुठं?" मी म्हटलं, विनीतकडे द्या फोन. तो म्हणाला, "कोण विनीत? मी एकटाच आहे."

मी स्कूटर काढली. भाऊ म्हणत होता मी जातो, मी ऐकलं नाही. हातखंब्याच्या तिठ्यावर दर्शनला घेऊन आलेली गाडी उभी होती. ड्रायव्हर चाकणचा होता, वयाने तुझ्याएवढा. आंबा घाटातून एकटा आला होता, बिचारा घाबरलेला होता. म्हणाला, "काका, मागे कोणी बसलंच नाही. मी दोनदा विचारलं." मी म्हटलं, माझ्यामागून ये. मी पुढे स्कूटरवर आणि तो मागे. कुवारबावच्या गर्दीत मी आरशात बघत होतो, गाडी मागे आहे ना म्हणून.

तुमच्यासाठी केलेला भात ड्रायव्हरने खाल्ला.

तू का आला नाहीस ते मी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी खेळ विकत घेणाऱ्या लोकांना दाखवायचा होता हे मला नंतर कळलं. कमांडरला चौकी सोडता येत नाही हे मीच तुला लिहिलं आहे. पण कमांडर माणूस पाठवतो, विनीत. तुला येणं जमत नव्हतं तर कोणाला तरी बसवायचं होतंस. त्याला ओळखत नसलेला माणूस चालला असता. गुडघा सुजलेला चालला असता. झोपून आला असता तरी चाललं असतं.

सही करणार नाही.

ह. घाग


रत्नागिरी
रविवार, ९ मार्च २०२५

चि. विनीत,

आज घरीच होतो. शिमगा तोंडावर आला म्हणून भाऊ, वहिनी, शमिका सगळे गावी गेले. दर्शन गेल्यामुळे या वर्षी पालखी आमच्या घरात यायची नाही, म्हणून मी गेलो नाही. सकाळी नारळाच्या झावळ्या ओढून एका बाजूला केल्या. अकराच्या सुमारास फाटकाशी एक मुलगी उभी राहिली, पाठीला मोठी सॅक.

"घाग काका? मी आरोही. विनीत सरांनी पाठवलंय, सहीच्या कागदांसाठी."

"सही नाही म्हणून लिहिलंय मी."

"हो, ते म्हणाले मला. तरी जा म्हणाले."

"आणि तो?"

ती फाटकाची कडी हलवत राहिली. "त्यांच्याने होणार नाही म्हणाले."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. पंखा लावला. मग मी विचारलं, "दर्शनबरोबर कामाला होतीस?"

"नाही काका. मी जानेवारीत लागले. मी त्यांना कधी बघितलं पण नाही."

"मग तुला का पाठवलं?"

"मी लांज्याची ना. शिमग्याला घरी येतच होते. सर म्हणाले, तुझा जिल्हा तोच आहे."

मला हसू आलं. आवरेना. नोव्हेंबरपासून मी हसलो नव्हतो, त्यामुळे ते चांगलं दिसलं नसावं. ती पोर सॅक घेऊन उठायलाच लागली. मी म्हटलं, "बस. जेवून जा."

"नको, आई वाट बघत असेल."

"लांजा इथून पळून जात नाही. बस."

जेवताना ती मोकळी झाली. 'परत'मधल्या रस्त्याचं काम आता तिच्याकडे आहे, दर्शनने ते पुरं केलं नव्हतं. म्हणाली, "ऑफिसात सगळे त्याला मंगळ म्हणतात. लाल माती म्हणून. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, अरे मंगळ कसला, हे तर आमच्याकडचं जांभ्याचं पठार, आमचा सडा आहे. जांभा फोडून केलेला रस्ता असाच दिसतो." मग म्हणाली, "मला तो काढायचा नाहीये, काका. पण लोक तिथे खेळ सोडतात हे पण खरं आहे. मी स्वतः बघितलंय. एक जण चिडून कीबोर्ड ढकलून गेला."

तेव्हा मी तिला सांगितलं ते तुलाही लिहितो. तिने फोनवर टिपून घेतलं आहे, पण तू माझ्याकडून वाच.

कॅप्टनला पेटीबरोबर पाठवू नका. ते खरं नाही, आणि तुझा खेळणारा तिथे कंटाळतो. कॅप्टनला माणूस निवडू द्या. पलटणीतला कोणीही. जो जाईल तो पुढच्या लढाईला नसेल. चांगला नेमबाज पाठवला तर लढाई जड जाईल. लंगडा पाठवला तर सोपी जाईल, मग दारात तो लंगडाच उभा राहील आणि बाईच्या प्रश्नाला त्यालाच उत्तर द्यावं लागेल. हे खरं आहे, आणि शमिका म्हणते असं असेल तर ती खेळेल. तिला हिशेब करायला आवडतं.

आरोहीने विचारलं, "आणि ज्याला कोणालाच पाठवायचं नसेल?"

मी म्हटलं, तेही ठेवा. बटण ठेवा. ज्याला वगळायचं असेल त्याने वगळावं. त्याला शिक्षा करू नका, गुण कापू नका. फक्त पेटी त्या घरी पोचलेली दाखवा, गाडीवाल्याबरोबर. बाईला बाहेर येऊ दे. तिने गाडीच्या मागे बघावं, कोणी आहे का ते. बस, तेवढंच. मग पुढची लढाई सुरू करा.

तिने फोन खाली ठेवला. ताटातला भात नुसता चिवडत बसली. मग हळूच म्हणाली, "मी करीन, काका. ते मी स्वतः करीन."

कागद काढला. त्यात 'काढण्यास संमती' असं छापलेलं होतं. 'काढण्यास' खोडून मी 'बदलण्यास' लिहिलं, वर काय बदलायचं ते चार ओळींत लिहिलं आणि खोडलेल्या जागी वेगळी सही केली, नाहीतर उद्या कोणी म्हणेल हे नंतर कोणी खोडलं. तुझ्या वकिलाला चालत नसेल तर कागद परत पाठव. दुसरी सही मिळणार नाही.

तू आला नाहीस. येशील असं वाटलं होतं, ते इथे लिहून ठेवतो. पण या वेळी तू माणूस पाठवलास. ओळख नसलेला, कागदावर जिल्हा बघून पाठवलेला. आरोहीला काहीच माहीत नव्हतं, तरी ती उन्हातून आली आणि माझ्यासमोर बसून जेवली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो तर म्हणाली, "काका, पालखी आमच्याकडे गुरुवारी असते. या." मी म्हटलं, या वर्षी नाही. "मग पुढच्या वर्षी," म्हणाली आणि गेली.

कमळाबाई म्हणाल्या होत्या ते मला कधीच म्हणता येणार नाही. माझा एकटाच आला. ते आता बदलत नाही, कोणी सही केली तरी.

आंबा घाटाचा रस्ता पावसाआधी बरा असतो. इतकंच लिहितो.

साडेतीन वाजले. आज दोन ताटं पडली आहेत, ती घासायला जातो.

हरिश्चंद्र घाग